रिव्हेंज आणि दौलतखान

पालघर जिल्ह्यात शिवकाल शिकवताना एखादा विद्यार्थी हळूच विचारतो, "सर, महाराजांकडे आपले कोणी होते का?" 'आपले' म्हणजे मुसलमान. मी उत्तराची सुरुवात एका इंग्रजी जहाजापासून करतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या त्या लढाऊ जहाजाचे नाव 'रिव्हेंज', म्हणजे सूड. १६७९ मध्ये महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी यांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. बेट मुंबई बंदराच्या तोंडाशी असल्याने इंग्रजांनी त्याची नाकेबंदी केली. 'रिव्हेंज' हे त्यांचे सर्वांत मोठे बळ.

१८ ऑक्टोबरच्या पहाटे नागावच्या बाजूने मराठ्यांची चाळीसहून अधिक गलबते चालून आली. सरदार होता दौलतखान. अर्ध्या तासाच्या आत इंग्रजांच्या 'डोव्ह' जहाजाने निशाण उतरवले, बाकीची जहाजे पळाली. 'रिव्हेंज' एकटे उरले. केग्विन आणि मिंचिन यांनी तोफा डागून काही गलबते बुडवली आणि उरलेल्यांना नागावपर्यंत रेटले. पण तिथल्या उथळ पाण्यात एवढे मोठे जहाज शिरणार कसे?

तो दिवस इंग्रजांचा ठरला, खांदेरी मात्र त्यांच्या हाती आली नाही. रात्रीच्या अंधारात वल्हवत जाणारी हलकी गलबते बेटावर रसद पोहोचवत राहिली. वारा पडला की शिडाचे जहाज जागीच थांबते, वल्ह्याची होडी थांबत नाही. हे सातपाटीच्या पोरांना समजावून सांगावे लागत नाही.

नोव्हेंबरमध्ये मोगलांच्या वतीने सिद्दी कासम आरमार घेऊन आला आणि इंग्रजांच्या जोडीने खांदेरीवर तोफा डागू लागला. जानेवारी १६८० मध्ये त्याने शेजारची उंदेरी बळकावली. तिथल्या लढाईत दौलतखान जखमी झाला. इंग्रजांनी तह करून माघार घेतली. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

म्हणजे एकाच कलम्याचे दोन सरदार समोरासमोर, आणि एकाच्या शेजारी इंग्रज, दुसऱ्याच्या शेजारी भंडारी. कोण कोणाचा, हे नावावरून कसे ओळखणार? ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यासाठी ते लढले.

दौलतखान महाराजांच्या आरमाराचा सरदार होता. तेव्हा बाळांनो, 'आपले कोणी होते का' असे दबक्या आवाजात विचारू नका. खांदेरी आपलीच आहे, मायनाकही आपलाच.