टेलपर्यंत थेट चित्र

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून त्याचं सहप्रक्षेपण होऊ लागलं. गडापासून लांबच्या शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांत अँटेना उंच चढवावा लागे, वाऱ्याने तो फिरला की पडद्यावर मुंग्या येत. पण त्या व्यवस्थेत एक गुण होता. १९८७ साली 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी गावंच्या गावं टीव्हीसमोर बसू लागली, तरी प्रक्षेपकावर कणभरही ताण वाढला नाही. लहर एकदाच सुटते, ती दहा संचांनी घेतली काय किंवा दहा हजारांनी, तिला फरक पडत नाही. पुढे आलेल्या केबलच्या तारेतही सगळ्यांसाठी एकच प्रवाह होता. २०१६ नंतर स्वस्त फोरजीमुळे थेट प्रक्षेपण मोबाईलवर आलं आणि नेमका हाच गुण हरवला. तो परत मिळवायचा तर नुसतं जाळं रुंद करून भागत नाही. प्रत्येक घेणाऱ्याला त्याच्या वाटेला पेलेल तेवढंच द्यावं लागतं, हे या इतिहासातून दिसतं.

इंटरनेटवर साधारणपणे प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र प्रत जाते. सेकंदाला २ मेगाबिटचं चित्र ५०० जणांनी पाहिलं की १,००० मेगाबिट लागतात. यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीचं प्रक्षेपण घ्या. शर्यतीच्या घाटाजवळच्या एकाच टॉवरवर हजारोंचे फोन, आणि चित्र वर पाठवणाराही त्याच गर्दीत. अशी कोंडी जुनीच आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन संस्थांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावर उपाय मांडला: वाटेत माहितीची पाकिटं हरवू लागली की पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यायचा. एकाने एकाला पाठवताना हे चोख चालतं. घेणारे हजार असले तर मात्र कोणाचं ऐकायचं? सर्वांत मंद जोडणीचं ऐकलं तर सगळ्यांनाच धूसर चित्र, सर्वांत वेगवान जोडणीचं ऐकलं तर बाकीच्यांची वाट तुंबणार.

मुठा उजव्या कालव्यावर दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्यांना हाच प्रश्न ठाऊक आहे. माथ्यावरच्यांनी हवं तेवढं घेतलं की टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, चारी कोरडी राहते, म्हणून आवर्तनात आधी टेल, मग माथा, असा आग्रह धरला जातो. फरक इतकाच की पाण्याची नक्कल होत नाही, चित्राची होते. मॅकॅन, जेकबसन आणि व्हेटर्ली या संशोधकांनी १९९६ मध्ये याचाच उपयोग केला: चित्राचे थर करा, प्रत्येकाने झेपतील तेवढेच थर घ्यावेत. निर्णय आता चित्र घेणाऱ्याच्या हाती आला. आजचं प्रक्षेपण वेगळ्या रीतीने तेच करतं. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे कमी-जास्त दर्जात तयार असतात, फोन आपला वेग मोजून पुढचा तुकडा निवडतो, आणि त्यांच्या प्रती प्रेक्षकांजवळच्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात.

सिंहगडासारखा एकच प्रवाह इंटरनेटवर का सोडत नाहीत, असं कोणी विचारेल. मल्टिकास्ट नावाची ती सोय १९९० च्या दशकारंभीच आली होती. पण वाटेतल्या प्रत्येक कंपनीच्या राउटरने ती पाळायला हवी होती, आणि परका प्रवाह वाहून नेण्याचा खर्च कोणी सोसायचा हे ठरलं नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: फाइव्हजी आणि फायबर आल्यावर ही काटकसर कशाला? फायबरवाल्या घराला तिची गरज क्वचितच भासेल, हे मान्य. पण टॉवरची हवा कायम सामाईकच राहते, आणि रुंद वाट मिळाली की चित्राचा दर्जा वाढून ती पुन्हा भरते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागताच देशातल्या मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाईलवरचं चित्र ४८० रेषांपर्यंत खाली आणायचं ठरवलं. वाट तीच होती, मागणी आवरली गेली. नोव्हेंबर २०२३ मधला विश्वचषकाचा अंतिम सामना एकाच ॲपवर एका क्षणी ५.९ कोटी लोक पाहत होते. जवळच्या प्रती आणि बदलता दर्जा यांवाचून एवढा पल्ला गाठणं अशक्यच.

म्हणून ग्रामसभा, कीर्तन किंवा शर्यत थेट दाखवणाऱ्यांना एकच विनंती: उंची चित्राबरोबर कमी दर्जाची एक हलकी पायरी आणि स्वच्छ आवाज आवर्जून ठेवा. प्रक्षेपण चांगलं की वाईट, हे वाडीवस्तीवरच्या सर्वांत मंद जोडणीवर काय पोचलं यावरूनच ठरवायला हवं.