दर बुधवारचा हिशेब : मुंबईच्या स्थायी समितीची वाटचाल

मुंबई महापालिकेच्या दगडी मुख्यालयात बुधवार म्हणजे स्थायी समितीचा दिवस, अशी जुनी रीत आहे. सभासदांपुढे प्रस्तावांची चळत असते. त्यात कुठल्या नाल्याच्या गाळाचा ठेका असतो, कुठल्या रुग्णालयाची औषधखरेदी, तर कुठल्या जलवाहिनीची दुरुस्ती. एकेक प्रस्ताव पुकारला जातो. कुणी दर विचारतो, कुणी मागच्या वर्षीच्या कामाचे काय झाले ते विचारतो. मग प्रस्ताव मंजूर होतो, फेरविचारासाठी परत जातो, राखून ठेवला जातो किंवा थेट दप्तरी दाखल होतो. शहराच्या पैशांवर लोकांचा हात असतो तो असा. हा हात तिथवर पोहोचायला मोठा संघर्ष करावा लागला आहे.

१८५८ पासून मुंबईचा कारभार तीन आयुक्तांकडे होता. १८६५ च्या कायद्याने तो एकाच आयुक्ताकडे सोपवला आणि आर्थर क्रॉफर्ड त्या खुर्चीवर आले. झपाट्याने काम करणारा माणूस. रस्ते, गटारे, सफाई या सगळ्याला त्यांनी वेग दिला. १८६९ मध्ये उभी राहिलेली मंडई आज महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाते, पण जुन्या मुंबईकरांच्या तोंडी अजूनही 'क्रॉफर्ड मार्केट'च आहे. मात्र खर्च उत्पन्नापुढे धावू लागला, करांचा बोजा वाढला आणि शहर कर्जात रुतले. कागदोपत्री देखरेख जस्टिस ऑफ द पीस मंडळींकडे होती, पण ती सरकारने नेमलेली होती आणि खर्च होऊन गेल्यावरच तिला जाग येई.

१८७१ मध्ये करदाते खवळले. विश्वनाथ नारायण मंडलिक आणि नौरोजी फर्दुनजी यांच्यासारखी माणसे पुढे आली. त्याच सुमारास २६ वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी वेगळा विचार मांडला. क्रॉफर्ड यांच्या कामाची त्यांनी कदर केली. अंमलबजावणी एका जबाबदार अधिकाऱ्याकडेच असावी, पण त्याच्यावर लोकांनी निवडून दिलेल्या सभेचा अंकुश हवा, असे त्यांचे म्हणणे होते. खर्च करणारा हात वेगळा आणि हिशेब मागणारा हात वेगळा, हे तत्त्व मुंबईने तिथे धरले.

१८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आली आणि त्यातले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडायचे ठरले. पैशांवर नजर ठेवायला १२ जणांची 'टाउन कौन्सिल' झाली. आठ जण महापालिकेचे, चार सरकारचे आणि अध्यक्षही सरकारने नेमलेला. आजच्या स्थायी समितीची ही आई. १८८८ चा कायदा घडवताना मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग विधिमंडळात कलमाकलमाला झगडले. त्या कायद्याने टाउन कौन्सिलची स्थायी समिती झाली आणि आपला अध्यक्ष आपण निवडण्याचा हक्क तिला मिळाला. आयुक्त, महापालिका आणि स्थायी समिती ही तीन प्राधिकरणे कायद्यात शेजारी-शेजारी बसली. पुढे मुख्यालयाची भव्य इमारत १८९३ मध्ये पूर्ण झाली, तीही मंजूर अंदाजपत्रकाहून कमी खर्चात.

मताधिकार मात्र हळूहळूच खाली उतरला. आधी करदाता, मग १९२२ पासून भाडेकरू आणि १९४८ मध्ये प्रत्येक प्रौढ नागरिक. चाळीतल्या माणसाला गटाराचा जाब विचारणारा प्रतिनिधी मिळाला तो इथे.

समितीची सर्वांत मोठी ताकद कायद्यातल्या एका साध्या तरतुदीत आहे. मुख्य लेखापरीक्षकाने महापालिकेचे हिशेब दर आठवड्याला तपासायचे आणि अहवाल स्थायी समितीला द्यायचा. वर्ष संपल्यावर नव्हे, दर आठवड्याला. समितीला वाटले तर ती स्वतंत्रपणेही तपासणी करू शकते. अर्थसंकल्पाचा रस्ताही इथूनच जातो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आयुक्त तो समितीपुढे मांडतात, समिती त्यात फेरफार करते आणि मगच तो सभागृहात जातो.

पण रुपया बरोबर खर्च झाला म्हणजे नळाला पाणी आले, असे होत नाही. हा धडा शिकायला शहराला आणखी शंभर वर्षे लागली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांना आधार दिला. १९९९ मध्ये महापालिकेने प्रजा फाउंडेशनच्या सहकार्याने नागरिकांची सनद काढली. कोणते काम किती दिवसांत व्हायला हवे, हे लोकांना प्रथमच छापील स्वरूपात दिसले. १९१६ या दूरध्वनी क्रमांकावर तक्रारी नोंदवल्या जाऊ लागल्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने तर सेवेला मुदत बांधली आणि ती चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांच्या दंडाची तरतूद केली. तक्रारींची संख्या, त्या सुटायला लागलेले दिवस, पुन्हा आलेल्या तक्रारी हाही आता हिशेबच आहे.

या वाटेवर समितीचे अपयशही आहे. ३४ रस्त्यांच्या कामांची चौकशी झाली आणि २०१६ मध्ये गुन्हा नोंदवला गेला, तेव्हा आरोपींत ठेकेदारांच्या सोबत कामाचा दर्जा तपासायला नेमलेले त्रयस्थ लेखापरीक्षकही होते. पहारेकरीच संशयाच्या घेऱ्यात आला. ती कामे समितीच्याच मंजुरीने पुढे गेली होती. नुसती समिती असून भागत नाही, तिने डोळे उघडे ठेवायला हवेत.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि आयुक्तच प्रशासक झाले. १९८४-८५ मध्येही अशी वेळ आली होती, पण ती वर्षभरात सरली. या वेळी २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ असे तीन अर्थसंकल्प प्रशासनानेच मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले. ५२,६१९ कोटींवरून ७४,४२७ कोटींवर गेलेले हे आकडे कुठल्याही बुधवारी चर्चेला आले नाहीत. त्या काळात प्रशासनातल्या कित्येकांनी मन लावून काम केले असेल. क्रॉफर्ड यांनीही केले होते. प्रश्न माणसाच्या नेकीचा नाही. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असेल, तर चूक दाखवायला समोर कुणी उरत नाही. शहर पुन्हा १८६५ च्या मांडणीत जाऊन बसले होते.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने २२७ नगरसेवक पुन्हा सभागृहात आणले. २७ जणांच्या समितीपुढे आता चार वर्षांचे साचलेले काम आहे. सुरुवात साप्ताहिक लेखापरीक्षण अहवालापासून व्हावी. त्यातला प्रत्येक आक्षेप कुणी, किती दिवसांत निकाली काढला, हे दर बुधवारी वाचले जावे. ठेक्याचा प्रस्ताव येईल तेव्हा त्याच भागातल्या तक्रारींचा तक्ता त्याला जोडलेला असावा. गाळ किती टन काढला याच्या शेजारी पाणी किती तास तुंबले, हेही लिहिलेले असावे. मंडलिक-मेहतांच्या पिढीने हिशेब मागण्याचा हक्क मिळवून दिला. तो वापरणे, आठवड्यामागून आठवडा न कंटाळता वापरणे, हे आताच्या समितीचे काम आहे.