दाताचे दुखणे आवरले, भीतीचे काय?

बंगळुरूचे शासकीय दंत महाविद्यालय १९५८ साली सुरू झाले. मुलांच्या दंतोपचाराला वळण देणाऱ्या दोन घटना त्याच्या अलीकडे-पलीकडे घडल्या. १९५७ मध्ये अमेरिकेत जॉन बॉर्डन यांचे हवेच्या दाबावर फिरणारे ‘एअररोटर’ हे ड्रिल आले. १९५९ मध्ये हॅरी ॲडलस्टन यांनी ‘सांगा, दाखवा, करा’ ही पद्धत मांडली. एक शोध यंत्राचा, दुसरा वागण्याचा.

यंत्राने बरेच साधले. पट्ट्यावर चालणारे जुने ड्रिल मिनिटाला काही हजार फेरे घेई आणि त्याची थरथर जबड्याच्या हाडातून डोक्यात घुमे. नवे ड्रिल मिनिटाला सुमारे तीन लाख फेरे घेऊ लागले. थरथर घटली, वेळ वाचला. स्वीडनच्या निल्स लोफ्ग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केलेल्या लिडोकेनने वेदनाही आवरली. तरीही मूल खुर्चीत बसेना. तीन लाख फेरे म्हणजे सेकंदाला पाच हजार. थरथरीची जागा आता कानाला टोचणाऱ्या शिळेने घेतली होती. शिवाय वेदना थांबवणारे औषध सुईवाटेच येत होते.

ॲडलस्टन यांचे उत्तर साधे होते. काय करणार ते मुलाला समजेल अशा शब्दांत आधी सांगावे, मग उपकरण त्याच्या नखावर फिरवून दाखवावे आणि सांगितले तेवढेच करावे. वेदनेइतकीच अनपेक्षिताचीही धास्ती असते, हे यामागचे निरीक्षण. १९६२ मध्ये फ्रँकल आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या सहकार्याची चार पायऱ्यांची मोजपट्टी तयार केली. उपचाराच्या वेळी आईने जवळ थांबावे का, हा त्यांचा प्रश्न होता. साधारण साडेतीन ते चार वर्षांच्या मुलांना आईच्या उपस्थितीचा लाभ होतो, असे त्यांना आढळले.

या इतिहासाची काळी बाजूही आहे. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करणे ही अमेरिकेत अनेक दशके मान्य पद्धत होती. तेथील बालदंतवैद्यांच्या अकादमीने ती आपल्या मार्गदर्शक तत्त्वांतून वगळली, ती थेट २००६ मध्ये. गप्प बसलेले मूल निर्भय झालेले असतेच असे नाही, हे मान्य व्हायला इतका काळ लागला.

भारतात बालदंतवैद्यांची राष्ट्रीय संघटना १९७९ मध्ये स्थापन झाली. ‘सांगा, दाखवा, करा’ आज येथील विद्यार्थीही शिकतात. पण बंगळुरूत ‘सांगा’ ही पहिलीच पायरी अवघड असते. एकाच सकाळी खुर्चीत कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू किंवा मराठी बोलणारे मूल येऊ शकते. त्याच्या भाषेतले चार शब्द डॉक्टरांना येत नसतील, तर दाखवणे अपुरे पडते आणि करणे बळजबरीचे वाटते. ड्रिल आयात करता येते; हे चार शब्द मात्र ज्याचे त्यानेच शिकावे लागतात.