खोडरेघेची कुळकथा

भोसरी-चाकण पट्ट्यातील सुट्या भागांच्या कारखान्यांत मालाची यादी हल्ली अँड्रॉइड फोनवर पाहिली जाते. रवाना झालेल्या बुशांच्या ओळीवर आडवी रेघ पडते. पण यादी बोटाने वर सरकवावी, तो ज्याचे चलानही अद्याप झालेले नाही अशा गॅस्केटच्या ओळीवर तीच रेघ उमटलेली दिसते. मूळ नोंद बिनचूक असते; घोळ यादी दाखवण्याच्या व्यवस्थेत असतो. हजार ओळींसाठी हजार सेल, म्हणजे ओळ दाखवणारे पडद्यावरचे घटक, न घडवता पडद्यावर मावतील त्याहून थोडेच अधिक घडवायचे आणि वरून बाहेर पडलेला सेल नवा मजकूर देऊन खालून आत घ्यायचा, अशी ही व्यवस्था. तीत मजकूर बदलतो, रेघ मात्र सेलच्या अंगाला चिकटून राहते.

फोनची स्मृती तुटपुंजी म्हणून ही काटकसर जन्मली, असा सार्वत्रिक समज आहे, आणि 2008 साली आयफोन व अँड्रॉइड या दोहोंच्या साधनसंचांत ती एकदमच अवतरल्याने त्याला बळकटीही मिळते. मला तो मान्य नाही. मेजावरच्या संगणकांसाठी 1998 साली जावाबरोबर आलेल्या स्विंग या संचाच्या दस्तऐवजात, यादीची ओळ रंगवणाऱ्या घटकाला चक्क ‘रबरी शिक्का’ म्हटले आहे. आणि विलक्षण गोष्ट ही की एका ओळीसाठी शिक्क्याला दिलेला रंग पुढच्या ओळींनाही लागण्याचा विकार तेव्हाही प्रोग्रामरांना छळत होता. अँड्रॉइडचे ॲप जावातच लिहिले जाई. तेव्हा वारसा याच घराण्याचा, असा माझा तर्क आहे.

प्रतिपक्ष काल्डर व लिंटन यांच्या 1990 च्या ‘फ्लायवेट’ या, एकच वस्तू अनेक ठिकाणी वापरण्याच्या, कल्पनेकडे बोट दाखवतो. परंतु तेथे सामायिक वस्तूत बदलते असे काही ठेवायचेच नसते, ते दर वेळी बाहेरून पुरवायचे असते. मग शिळी रेघ उरेल कोठे? नेक्स्ट या संगणक-कंपनीचा दावा अधिक वजनदार आहे, कारण त्या परंपरेत तक्त्याचा एक अख्खा स्तंभ एकाच सेलने रंगवला जाई, आणि आयफोनची शाखा तिकडचीच. शिक्का उमटवून उचलला जातो, फोनचा सेल मात्र स्वतःच प्रवास करतो, हा भेद मी नाकारत नाही; पण विकाराचे बीज, म्हणजे वापरलेल्या साधनात मागचा अवशेष राहणे, दोन्हीकडे एकच आहे.

उपचारही त्या बीजावरच हवा. अँड्रॉइडमध्ये खोडरेघ मजकुरात नव्हे, रंगलेखणीच्या खुणांत नोंदलेली असते, म्हणून नवा मजकूर दिल्याने ती पुसली जात नाही; ती खूण स्वतंत्रपणे काढावी लागते. आयफोनवर 2012 पासून लेबलला सालंकृत मजकूर देता येतो. तेथे साधा मजकूर देण्यापूर्वी जुना सालंकृत मजकूर रिकामा करणे श्रेयस्कर. पुष्कळ जण ही सारी सफाई, सेल पुन्हा वापरण्याआधी चालणाऱ्या ‘प्रिपेअर-फॉर-रीयूज’वर सोपवतात, परंतु ॲपलच्या सूचनेप्रमाणे ती जागा पारदर्शकता, निवड असल्या आशयबाह्य गोष्टींसाठी आहे, आशयाची फेरमांडणी सेल भरतानाच व्हावयास हवी. माल गेला असेल तर रेघ ओढा, असे लिहिणाऱ्याने त्याच्याच खाली, नसेल तर रेघ काढा, ही ओळही न चुकता लिहावी.