मूकबधिरांची शाळा आणि आमचें बोईसर

महोत्सवाच्या या अंकांत मंदिराच्या घंटेचा इतिहास येणारच. परंतु ज्या बालकाच्या कानीं ती घंटा पडत नाहीं, त्याच्याविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हिंदुस्थानांतील मूकबधिरांची पहिली शाळा 1885 सालीं मुंबईस निघाली. तींत पुढाकार होता येशूसंघीय बिशप लिओ म्युरिन यांचा. हे जर्मन धर्माध्यक्ष पुढें मॉरिशसला गेले व 1895 सालीं तेथेंच वारले. बहिरें मूल मुकें राहतें तें बहुधा जिभेच्या दोषामुळें नव्हे, तर भाषा त्याच्यापर्यंत न पोंचल्यामुळें; हें आमच्यांतील कित्येकांस अद्याप पटत नाहीं, आणि मूल घरींच वाढतें!

बोईसरहून मुंबई सुमारें शंभर किलोमीटर. लहानग्यास रोज कोण नेणार? विरारपुढें डहाणूपर्यंत लोकल 2013 सालीं धांवूं लागली. 1 ऑगस्ट 2014 रोजीं पालघर जिल्हा झाला, तोंवर जिल्ह्याच्या कचेरीसाठीं ठाणें गांठावें लागे.

सन 2016 च्या कायद्यानें चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळा जवळची साधी असो वा विशेष, निवड त्याची. हें ठाऊक नसल्यामुळें आईबाप शाळेच्या दारांतूनच परत फिरतात. आमच्या मतें प्रथम अपंगत्वाचा दाखला काढावा. मग शाळेकडे अर्ज लेखी द्यावा, पोंच घ्यावी, आणि नकार मिळाल्यास तोही लेखीच मागावा.