टाळ, मृदंग आणि कर्णा

देहूरोडची छावणी मागे टाकून इंद्रायणीच्या रोखाने गेले असता ज्या देहूगावी आपण पोहोचतो, तेथील कीर्तनपरंपरेने, ध्वनिवर्धकाचा शोध लागण्यापूर्वी कित्येक पिढ्या, शब्द समुदायाच्या अखेरच्या रांगेपर्यंत पोहोचविण्याचा आपला बंदोबस्त करून ठेवला होता. कीर्तनकाराने म्हटलेले ध्रुपद मागे उभे असलेले टाळकरी उंच पट्टीत उचलून धरतात. त्यायोगे एका कंठाचे वीस कंठ होतात, कीर्तनकाराला दम मिळतो आणि श्रोत्याला निसटलेला शब्द पुन्हा ऐकावयास सापडतो. पोवाड्यात शाहिरामागे जी जी धरणारे झीलकरी हेच कार्य करीत आले आहेत.

तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये सुरू केलेल्या पालखी सोहळ्यातही प्रत्येक दिंडीला आपली वीणा, आपला मृदंग आणि आपले टाळ असतात, आणि त्या दिंडीचा विस्तार तिच्या आवाजाच्या टप्प्यानेच मर्यादित होतो. ही मर्यादा मला उणीव वाटत नाही. ध्वनीला शंभर मीटर अंतर कापण्यास सुमारे 0.3 सेकंद लागतो. म्हणून पुढील वाहनावरच्या कर्ण्यातून येणारा ठेका मागील टाळकऱ्यांच्या कानी पडेपर्यंत लय हुकलेली असते, आणि पावलीही बिघडते. शिवाय, पखवाजाच्या धुमेला कणीक लावून जो गंभीर नाद मोठ्या कष्टाने साधलेला असतो, तो पत्र्याच्या कर्ण्यातून जवळजवळ लुप्त होतो. टाळांचा कर्कश अंश मात्र शिल्लक राहतो.

तथापि यंत्राचा सरसकट निषेध करणे अन्यायाचे होईल. 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची देहूरोड येथे स्थापना केली, आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ तेथे आजही जनसमुदाय लोटतो. वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी ज्या भीमगीतांतून विचार खेडोपाडी नेला, त्यांत शब्द हाच प्राण आहे; अशा अफाट मैदानी मेळाव्यात गायकाने कंठ फाडून घ्यावा आणि मागच्यांनी नुसती चाल ऐकून परतावे, हे मला मुळीच मान्य नाही. तेथे ध्वनिवर्धक अवश्य असावा.

पुढे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावरील कर्ण्यांना मनाई केली. राज्य सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा देण्याचा अधिकार राहिला. पहाटेच्या काकड्याला या नियमांमुळे काहीच गमवावे लागलेले नाही, कारण देवळातल्या काकड्याला भिंतींचा घुमाराच पुरेसा असतो. कीर्तनाच्या मोठ्या मंडपात निरूपणापुरता मायक्रोफोन जरूर ठेवावा. परंतु अभंगाचा चरण टाळकऱ्यांच्या स्वाधीन होताच यंत्रचालकाने आवाज उतरवावा, आणि पखवाजापुढे व टाळांपुढे दुसरा मायक्रोफोन मांडूच नये.