राबाची आग आणि सरकारी मनाई

चैत्र-वैशाखात कर्जत-खालापूरच्या खाचरांत शेण, ऐनाचा टहाळ, पातेरा आणि गवत यांचे थरावर थर रचून, वर मातीचा पातळ लेप देऊन, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे आग सावकाश सरकत जावी अशा बेताने, जो राब पेटविला जाई, त्यात तणाचे बी जळून भाताच्या रोपास भुसभुशीत व राखेने पुष्ट झालेली जमीन मिळे. मात्र 1878 च्या जंगल कायद्याने राखीव रानात आग लावण्यास, तसेच रानास धोका पोहोचेल अशी आग बेफिकिरीने पेटती ठेवण्यास मनाई झाली, आणि ज्या रानातून रयत पिढ्यान्‌पिढ्या राबासाठी कवळ (पानांसकट टहाळ) तोडीत आली, तेथे तिला परवानगीसाठी अंमलदाराचे तोंड पाहावे लागले. खंडाने जमीन कसणाऱ्या कुळाची कुचंबणा तर दुहेरी: शेत सावकाराचे, रान सरकारचे, आणि ठिणगी उडाली की जाब मात्र त्याला! (वाऱ्याची दिशा त्याला जंगलखात्याहून अधिक कळत असे, असे माझे मत आहे.) तक्रारी इतक्या वाढल्या की ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी सरकारला 1885 साली आयोग नेमावा लागला, कर्जत त्या वेळी ठाणे जिल्ह्यात मोडत असे, ते कुलाब्यात आले 1891 मध्ये.